भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवण्याआधी : जुना कॉम्प्युटर नीट कसा पुसायचा

आमच्या मागच्या पडवीत जुना कॉम्प्युटर दोन पावसाळे पडून होता. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यानं आधी पंखा जाम झाला, मग मदरबोर्डच्या कडेला हिरवट थर चढला आणि एक दिवस बटण दाबलं तर काहीच हालचाल नाही. गणपतीआधीच्या साफसफाईत भंगारवाला दारात आला, तेव्हा गंजक्या पत्र्यांबरोबर तोही किलोवर गेला.

तीन महिन्यांनी कुडाळहून एका रिपेअरिंगवाल्या पोराचा फोन आला. "काकी, तुमच्या त्या कॉम्प्युटरात पावण्यांची आधारकार्डा तशीच आसत. पुसलात नाय काय तुमी?"

आम्ही मालवण तालुक्यात घरातच न्याहारी-निवास चालवतो. त्या डिस्कवर सात वर्षांतले पाहुणे होते. त्यांच्या आधारकार्डांचे स्कॅन, परदेशी पाहुण्यांचा फॉर्म सी चोवीस तासांत भरायचा म्हणून घेतलेले पासपोर्टचे फोटो, आमचे सातबारे, नवऱ्याचं पॅनकार्ड, सासूबाईंच्या पासबुकाची पानं. शिवाय "लक्षात ठेव" म्हणून मीच ब्राउझरला सोपवलेले सगळे पासवर्ड. पोरगा भला म्हणून डिस्क परत मिळाली.

यंत्र मेलं म्हणजे आतली माहितीही मेली, असं मी धरून चालले होते. पण डिस्क ही त्या डब्यातली वेगळी वस्तू. डबा गंजला तरी ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की बोलायला लागते. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आतेभावाचं चिपळूणचं दुकान छतापर्यंत पाण्यात होतं. चिखलातून काढलेल्या डिस्कवरून त्याचे टॅलीचे हिशेब परत मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. तीच गोष्ट उलट्या बाजूनं माझ्यावर आली, इतकंच.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे सध्या बरेच जण जुनी यंत्रं काढून टाकतायत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी कॉम्प्युटरवाली नाही. जे करून पाहिलं तेच सांगते.

१. आधी ठरवा, यंत्र कुठे चाललंय

कॉम्प्युटर घरातच राहणार आणि फक्त मुलांनी तुमची हिस्टरी बघू नये एवढंच हवं असेल, तर पायरी ४ ते ६ पुरे. पुतण्याला किंवा शेजारच्यांना वापरायला देणार असाल तर पायरी ७ आणि ८ सुद्धा करा. अनोळखी माणसाला विकणार किंवा भंगारात देणार असाल तर शेवटपर्यंत वाचा. यंत्र बंद पडलं असेल तर पायरी ४ मधलं फोनवरून जमेल तेवढं करून थेट पायरी ९ वर या.

२. हाताशी काय लागेल

- एक बाहेरची हार्ड डिस्क, ठेवायच्या फाइलींसाठी
- तुमचा फोन आणि त्यातलं आधारला, बँकेला जोडलेलं सिमकार्ड
- ईमेल खात्यांचे पासवर्ड, कागदावर लिहिलेले
- चार्जर, डेस्कटॉप असेल तर यूपीएस
- यंत्र उघडायचं असेल तर फुलीचा छोटा स्क्रूड्रायव्हर
- बंद यंत्रातली डिस्क जोडायला साटा ते यूएसबी केबल
- अख्खा एक दिवस

यूपीएसचं गमतीनं लिहिलेलं नाही. पुसायचं काम तासन्‌तास चालतं आणि आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला झाड तारेवर पडतं. मध्येच वीज गेली तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकतं आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. शक्यतो पावसाळा टाळाच.

३. ठेवायचं ते आधी बाहेर काढा

फोटो, सातबारे, विम्याचे कागद, आयकर विवरणपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ती डिस्क *दुसऱ्या* कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा. कॉपी झाली असं दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो.

धंद्याचे कागद घाईनं उडवू नका. जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. आणि एखादं पोलीस किंवा कोर्टाचं प्रकरण चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीच पुसू नका.

इथे एक खड्डा आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याला, म्हणजे क्लाउडला) जोडलेली असतात. तिथली फाइल "या कॉम्प्युटरवरून" काढतोय असं आपल्याला वाटतं आणि ती क्लाउडवरूनही जाते. आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन "अनलिंक धिस पीसी" करा, मगच हात लावा.

४. सिंक तोडा. पुसणं त्यानंतर

ही पायरी चुकवू नका, कारण मी चुकवली होती. लॅपटॉपच्या क्रोममधले पासवर्ड एकेक करून पुसले आणि संध्याकाळी फोन उघडला तर तिथलेही गायब. ऐन मे महिन्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, बुकिंगच्या साइटवर मला आत जाता येईना. कारण साधं होतं. दोन्हीकडे एकच खातं, सिंक (दोन्ही यंत्रांवरची माहिती सारखी ठेवणारी सोय) चालू, म्हणून इथे पुसलं ते तिथेही पुसलं गेलं. हिस्टरी आणि बुकमार्कचंही तसंच होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर क्लिक करा, सिंक बंद करा, खात्यातून साइन आउट व्हा. मग या यंत्रावरची सामग्री पुसा. क्रोममध्ये याहून सोपा उपाय म्हणजे प्रोफाइलच काढून टाकणं. प्रोफाइलच्या यादीत तीन टिंबांवर क्लिक करून "डिलीट" म्हटलं की त्या प्रोफाइलची हिस्टरी, बुकमार्क, पासवर्ड या यंत्रावरून जातात आणि सिंक झालेलं तुमच्या खात्यात शाबूत राहतं.

फोनवरून करायच्या दोन गोष्टी, यंत्र बंद पडलेलं असलं तरी करता येतात अशा: गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात "तुमची डिव्हाइसेस" मध्ये जाऊन जुन्या कॉम्प्युटरला साइन आउट करा, आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून त्याचं नाव काढून टाका. त्या यादीत गावातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा कॉम्प्युटर सापडला तर दचकू नका. मला सापडला होता. प्रिंट काढायला म्हणून कधीतरी व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि पाऊस आला म्हणून तशीच घरी पळाले, असं काहीतरी झालं असणार.

५. ब्राउझर

क्रोम, एज, फायरफॉक्स, कुठल्याही ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा. पुसायची खिडकी उघडते. तिथे सगळ्यात आधी काळ बदला. आपोआप निवडलेला असतो तो थोडाच काळ. तिथे "ऑल टाइम" करा (फायरफॉक्समध्ये "एव्हरीथिंग"). हिस्टरी, कुकीज, कॅश, फॉर्ममध्ये भरलेली माहिती, सगळ्यांवर खूण करा. सेव्ह केलेले पासवर्ड आणि कार्डांचे नंबर सेटिंगमध्ये वेगळ्या जागी असतात, तिथे जाऊन बघा.

कॉम्प्युटरवर एकापेक्षा जास्त ब्राउझर असतील तर प्रत्येकात हे करा. एज आपण वापरत नाही असं म्हणतो, पण पीडीएफ त्यातच उघडलेल्या असतात.

गूगलच्या खात्यात "माय ॲक्टिव्हिटी" नावाची वेगळी वही असते. तुम्ही काय शोधलंत, यूट्यूबवर काय पाहिलंत, हे तिच्यात राहतं. ब्राउझर पुसला म्हणून ती पुसली जात नाही. नको असेल तर खात्यात जाऊन ती वेगळी साफ करा.

इन्कॉग्निटोबद्दल लोकांचा फार गोड गैरसमज आहे. ती खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज राहत नाहीत, एवढंच. उतरवून घेतलेल्या फाइली तिथेच राहतात. कुठल्या साइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि ऑफिसच्या नेटवर्कला दिसू शकतं. सेवा केंद्रात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करताना मात्र ती जरूर वापरा. आणि उठण्याआधी डाउनलोड्स रिकामं करा.

६. कोनाडे

घर झाडताना मधली खोली सगळेच झाडतात. कचरा असतो फडताळामागे. कॉम्प्युटरचं फडताळ म्हणजे डाउनलोड्स फोल्डर. माझ्याकडे एकच आधारकार्ड अकरा वेळा उतरवलेलं निघालं.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. गावात कोणाला कोणाचं नाव आणि साल माहीत नाही? पाहुण्यांकडून हल्ली मी मास्क्ड आधार मागते. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सांभाळायलाच नको, मग पुसायलाही नको.

बाकीचे कोनाडे भरभर: रीसायकल बिन, स्कॅनरचं फोल्डर, ईमेलचा प्रोग्राम (आउटलुक, थंडरबर्ड), टॅलीचा डेटा, डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, आणि विंडोजचं चिन्ह असलेल्या बटणाबरोबर व्ही दाबल्यावर दिसणारा क्लिपबोर्डचा इतिहास. अपडेटनंतर सी ड्राइव्हवर कधी "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं फोल्डर उरतं, त्यात जुनं सगळं असू शकतं.

७. डिलीट केलं म्हणजे पुसलं गेलं नाही

सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन जागची हलत नाही. डिलीटचंही तसंच. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली, रीसायकल बिन रिकामा केला, अगदी शिफ्ट-डिलीट केलं, तरी फक्त नोंदवहीतली नोंद जाते आणि ती जागा "मोकळी" म्हणून जाहीर होते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर जुनी फाइल तिथेच असते आणि रेकुव्हासारखा फुकट प्रोग्रामही ती काढून दाखवतो. "क्विक फॉरमॅट" हीसुद्धा नोंदवही बदलण्याचीच क्रिया.

पुढे काय करायचं हे आत फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क आहे की चिपांवर माहिती ठेवणारी एसएसडी यावर ठरतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग डिस्क. तिथे लिहिलेलं असतं.

८ अ. हार्ड डिस्क असेल तर

जुन्या फाइलींच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहायचं, हा उपाय. विंडोजमध्ये तो आहेच. सेटिंग्ज, मग सिस्टम, मग रिकव्हरी, मग "रीसेट धिस पीसी". (विंडोज १० मध्ये रिकव्हरी "अपडेट अँड सिक्युरिटी" खाली आहे.) "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडा. लगेच पुढे जाऊ नका. "चेंज सेटिंग्ज" उघडा आणि "क्लीन डेटा" चालू करा. ते मुळात बंद असतं. ते चालू न करता केलेलं रीसेट म्हणजे पुन्हा नोंदवही.

दुसरा सापळा डी ड्राइव्हचा. आपल्याकडे दुकानदार यंत्र देतानाच सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि आपण सगळं महत्त्वाचं डी मध्ये ठेवतो. रीसेट करताना फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह पुसायचा की सगळे, असा पर्याय येतो. सगळे निवडा. माझे सात वर्षांतले पाहुणे डी मध्येच होते.

किती वेळ लागेल? ५०० जीबीची डिस्क आतच जोडलेली असेल तर एकदा भरून लिहायला साधारण दोन तास, जुनी असेल तर जास्त. ३५ वेळा पुसावं लागतं असं कोणी ठासून सांगेल. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या लेखातून आलेला आहे आणि आजच्या डिस्कना ते लागू नाही, हे त्यांनीच नंतर स्पष्ट केलं. एकदा नीट भरून लिहिलं की आपल्यासारख्यांना पुरे.

यंत्र घरातच ठेवायचंय, विंडोज तसंच हवंय, पण डिलीट केलेल्या फाइली कायमच्या घालवायच्यात? मग प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत सी-आय-पी-एच-ई-आर लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ, डब्ल्यू, दोन टिंबांचा कोलन, मग ड्राइव्हचं अक्षर आणि पुन्हा कोलन. तिरकी रेघ उजवीकडे झुकणारी, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. हे फक्त मोकळ्या जागेवर तीन फेऱ्या लिहितं, असलेल्या फाइलींना धक्का लावत नाही.

८ आ. एसएसडी असेल तर

इथे वरचं सगळं अपुरं पडतं. एसएसडीतले कप्पे झिजू नयेत म्हणून तिचा कंट्रोलर (आतला कारभारी) दर वेळी वेगळ्या कप्प्यात लिहितो. तुम्हाला वाटतं जुन्या जागेवर लिहिलं, प्रत्यक्षात ते दुसरीकडे गेलेलं असतं आणि जुनी प्रत एखाद्या कोपऱ्यात राहू शकते. काही जादा कप्पे तर विंडोजला दिसतही नाहीत.

म्हणून पुसायचं काम एसएसडीलाच सांगायचं. त्या आज्ञेला सिक्युअर इरेज म्हणतात. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ती असते, नाहीतर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या मोफत प्रोग्राममध्ये. काम बऱ्याचदा काही मिनिटांत होतं. ते सापडलं नाही तर आधी विंडोजच्याच बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शननं *पूर्ण* ड्राइव्ह कुलूपबंद करा ("फक्त वापरलेली जागा" हा पर्याय नको), आणि मग वरच्याप्रमाणे रीसेट करा. रीसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट झाली की उरलेले तुकडे वाचता येत नाहीत.

मॅकवाल्यांचं सोपं आहे. ॲपल सिलिकॉन किंवा टी-२ चिप असलेल्या मॅकवर, मॉन्टेरे किंवा त्यापुढची प्रणाली असेल तर "इरेज ऑल कन्टेन्ट अँड सेटिंग्ज" एवढंच करायचं.

९. यंत्र सुरूच होत नसेल तर

किनाऱ्यावर राहणाऱ्यांपैकी बहुतेकांची हीच गत. प्लग काढा, लॅपटॉप असेल आणि बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा. स्क्रू गंजले असतील तर जोर लावू नका, गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा थेंब टाकून अर्धा तास थांबा. डेस्कटॉपमधली डिस्क साधारण जाड पाकिटाएवढी, दोन केबली जोडलेली. लॅपटॉपमधली पत्त्यांच्या कॅटाएवढी. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-२ एसएसडी, एका स्क्रूवर बसवलेली. तिला साटाची केबल लागत नाही, वेगळी डबी मिळते.

केबल घेताना लक्षात ठेवा: डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, वेगळ्या ॲडॉप्टरसकट येणारी केबल घ्या. मी साधी आणली आणि "डिस्कही मेली" म्हणून दोन दिवस खूश होते.

चालू कॉम्प्युटरला जोडून दिसली, की प्रत्येक भागावर उजवं क्लिक, फॉरमॅट, आणि "क्विक फॉरमॅट" समोरची खूण *काढा*. पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. (एसएसडीला मात्र हे पुरत नाही, कारण ८ आ मध्ये सांगितलं आहे.) ड्राइव्हचं अक्षर तीनदा वाचा. आपलीच चालू डिस्क पुसणारे कमी नाहीत.

डिस्क दिसतच नसेल तर फोडणं उरतं. हार्ड डिस्कला ड्रिलनं तीन-चार ठिकाणी आरपार भोकं पाडा, चकत्यांमधून जायला हवीत. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटून उडतात. एसएसडीत प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. तिथे चुंबकाचा काही उपयोग नाही. जाळू नका, धूर विषारी असतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर हातोडा चालवू नका, ती पेट घेते. आणि खाडीत फेकू नका. चिपळूणच्या डिस्कची गोष्ट वर सांगितली आहेच.

१०. खात्री करा, मग द्या

चोर होऊन बघा. पुसलेल्या ड्राइव्हवर रेकुव्हा चालवा, डीप स्कॅन करा. फाइलींची नावं किंवा फोटो दिसले तर पायरी ८ पुन्हा.

शक्य असेल तर यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या आणि पावती घ्या. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. आमच्या बाजूला असं केंद्र जवळ नाही, म्हणून मी डिस्क काढून घेते आणि उरलेला डबा देते.

पुसण्याआधीच यंत्र हातचं गेलं असेल तर आजच सगळे पासवर्ड बदला, ईमेलचा आधी. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) आधारच्या अधिकृत ॲपमधून लॉक करा. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, जितका उशीर तितकं परत मिळणं अवघड.

यंदाही गणपतीआधी तोच भंगारवाला आला. नवऱ्याचा जुना लॅपटॉप त्यानं हातात घेतला, उलटा केला, डिस्कची रिकामी जागा बघितली आणि म्हणाला, आतलं काढून घेतलंत तर भाव कमी होणार. मी म्हटलं, होऊ दे.